नेम सुटतो कुठे? हलकी रायफल, तिची दुर्बीण आणि मधला सांधा

(हा आमच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती आणि मागून आलेले गाड्यांचे हॉर्न काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज मी कोलाडला आहे. रायगड जिल्हा, रोहा तालुका. बहुतेकांना कोलाड म्हटलं की कुंडलिकेतलं राफ्टिंग आठवतं. पण मी नदीवर नाही, कोलाड स्टेशनच्या बाहेर चहा घेत बसलोय. आणि आजचा विषय आहे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीचा. थांबा, भाग बदलू नका. गोष्ट बंदुकीची वाटली तरी ती खरं म्हणजे एका सांध्याची आहे.

झालं असं की इथल्याच एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. म्हणाला, "दादा, माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. तिथे रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. डोंगर चढायचा म्हणून त्याने एकदम हलकी रायफल घेतली. पहिल्या दिवशी मैदानात नेम बरोबर होता. तिसऱ्या दिवशी हरणावर गोळी झाडली, ती लागली पण भलतीकडे. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढत फिरले, हरिण सापडलं नाही. त्या रात्री तो जेवला नाही. आता विचारतोय, दुर्बिणीसाठी कुठला माउंट घेऊ? तुम्ही इतिहासातलं एवढं सांगता, यातलं काही सांगाल का?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला लागला. कारण यात हरलेला माणूस नाही, हरलेलं जनावर आहे. म्हणून आज याचंच उत्तर शोधू.

सुरुवात तुमच्या मोबाइलपासून. बाइकच्या हँडलला होल्डर लावून, त्यात फोन अडकवून मुंबई-गोवा हायवेवर कधी आलायत? खड्ड्यात गाडी आदळली की फोन उडतो. आपण शिव्या घालतो खड्ड्याला. पण खड्ड्याने फोनला हातही लावलेला नसतो. खड्ड्याने हलवलं चाकाला, चाकाने हँडलला आणि हँडलने होल्डरला. फोन बिचारा जिथे होता तिथेच राहू पाहत होता. हँडल निघून गेलं आणि ती सगळी ओढाताण होल्डरने सोसली, किंवा सोसली नाही.

हेच मोठ्या मापात बघायचं असेल तर कोलाड स्टेशनला या. २६ जानेवारी १९९९ला कोकण रेल्वेने इथून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत रो-रो सेवा सुरू केली. म्हणजे भरलेला ट्रक थेट रेल्वेच्या सपाट वाघिणीवर चढवायचा आणि गाडीने न्यायचा. २०२५च्या गणपतीत खासगी मोटारींसाठीही अशी गाडी काढली होती. आता विचार करा, इंजिनाने हिसका दिला की वाघीण पुढे जाते, ट्रक मात्र जागीच राहू पाहतो. मग त्याला धरून कोण ठेवतं? त्याला जखडून ठेवणारी बांधणी. ट्रक कितीही दणकट असो, बांधणी ढिली तर सगळं ढिलं.

रायफलवरची दुर्बीण म्हणजे वाघिणीवरचा ट्रक. आणि माउंट म्हणजे ती बांधणी.

आधी थोडा हिशोब

गोळी पुढे जाते, बंदूक मागे येते. शाळेत न्यूटनचा तिसरा नियम शिकलो, तोच हा. गोळी आणि दारू तीच ठेवून बंदुकीचं वजन ४ किलोवरून ३ किलोवर आणलं, तर मागे येण्याचा वेग एक तृतीयांशाने वाढतो आणि धक्क्याची ऊर्जाही तेवढीच वाढते. वजन कमी केलं म्हणून धक्का कुठे पळून जात नाही. लोखंड जो सोसत होतं तो आता खांदा सोसतो. आणि खांद्याच्याही आधी सोसतो तो माउंट.

किती सोसतो? ३ किलोची रायफल आणि .३०-०६ सारखं दमदार काडतूस धरा. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्यात रायफल शून्यापासून सेकंदाला साडेतीन-चार मीटर एवढा वेग घेते. त्या क्षणी अर्ध्या किलोची दुर्बीण माउंटवर साधारण दीडशे किलोच्या जोराने ओढ देते. सिमेंटच्या तीन गोण्या! एका क्षणापुरत्या, पण प्रत्येक गोळीला. आणि हे सगळं तोलून धरतात बहुतेक वेळा चार बारीक स्क्रू, जाडी साडेतीन मिलिमीटर.

आता दुसरा आकडा. दुर्बिणीला धरणाऱ्या दोन कड्यांमध्ये साधारण १० सेंटिमीटर अंतर असतं. त्यातलं एक कडं ०.१ मिलिमीटर सरकलं, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीएवढं, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. २०० मीटरवर २० सेंटिमीटर. हरणाचं काळीज-फुप्फुस ज्या जागेत मावतं, ती जागाच सगळी मिळून वीस-पंचवीस सेंटिमीटरची. म्हणजे काळजावर धरलेला नेम पोटात किंवा पायात जातो. आतेभावाचं हरिण बहुधा असंच हुकलं. नेमबाज चुकला नाही, कागदाएवढी फट चुकली.

आपल्याकडे दुर्बीण का नव्हती?

कोलाडहून रोह्यामार्गे समुद्राकडे गेलं की मुरुडच्या वाटेवर फणसाडचं जंगल लागतं. आज ते अभयारण्य आहे. एकेकाळी ते मुरुड-जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. कोकणातलं असं रान डोळ्यांसमोर आणा. गच्च झाडी, वेली, पन्नास पावलांपलीकडचं दिसत नाही. शिकार व्हायची ती हाक्याची. हाकेकरी आरडाओरडा करत जनावर पुढे काढायचे, बंदूकवाला मचाणावर नाहीतर वाटेवर बसलेला. जनावर समोर दिसणार दोन-तीन सेकंद. तिथे दुर्बिणीतून बघत बसायला वेळ कुणाला? नळीच्या टोकावरची माशी, मागची खाच, आणि मारा. गावात तर ठासणीची नाहीतर बाराबोरची बंदूक, तिला दुर्बिणीचा प्रश्नच नव्हता.

बड्या साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या हातात मात्र विलायती जोडनळीच्या रायफली असायच्या. त्यांच्या काडतुसांच्या आकड्यांत आपल्या गुलामीचा इतिहास लपलाय. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आलं होतंच. पुढे १९०७च्या आसपास सरकारने लष्करी मापाच्या काडतुसांवर, म्हणजे .४५० आणि .३०३ वर, खासगी वापरासाठी बंदी आणली. भीती ही की शिकारीच्या नावाने आलेली काडतुसं बंडखोरांच्या बंदुकीत जातील. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मापं किंचित बदलून नवी काडतुसं बाजारात आणली. .४७०, .४६५ ही त्यातलीच. आणि आपल्याकडे परवान्यावर मिळणारी .३१५ची रायफल ऐकलीय ना? बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याची. तिचा सांगाडा लष्कराच्या ली-एनफिल्डचा, पण काडतूस मुद्दाम वेगळं, म्हणजे लष्कराची गोळी तिच्यात चालू नये.

त्या .४७०च्या जोडनळ्या पाच-पाच किलोंच्या असत. धक्का जबरदस्त, पण लोखंडही तेवढंच. आणि साहेबाला ते वजन वाहायचं नसायचंच! वाहायला माणूस असायचा. वजनदार बंदूक परवडायची, कारण ती दुसऱ्याच्या खांद्यावर असायची. गंमत म्हणजे जो स्वतः पायी फिरला, त्याने दुसरा मार्ग काढला. जिम कॉर्बेट बघा. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७मध्ये त्याला रिग्बी कंपनीची .२७५ची रायफल भेट मिळाली. हलकी रायफल, पण काडतूसही सौम्य. धक्का कमी, दुर्बीण नाही, म्हणजे हलायला काही नाहीच.

पहिला धडा इथेच मिळतो. रायफल हलकी हवी असेल तर आधी काडतुसाकडे बघा. हलकी बंदूक आणि जोरदार काडतूस दोन्ही हवं म्हणणाऱ्याला त्याची किंमत सांध्यात मोजावी लागते.

दुर्बीण बंदुकीवर चढते

जर्मनी-ऑस्ट्रियातले बंदूक कारागीर फार आधीपासून शिकारी रायफलींना दुर्बिणी बसवत. त्यांचे माउंट नखांसारख्या आकड्यांचे, ते रायफलीतल्या खाचांत जाऊन बसायचे. एकेक जोड कारागीर हाताने कानस लावून जुळवायचा. उत्तम काम, पण किंमत श्रीमंतांची.

हे चित्र बदललं अमेरिकेत. १९३०मध्ये विल्यम वीव्हर नावाच्या माणसाने साध्या शिकाऱ्याला परवडेल अशी दुर्बीण बाजारात आणली. पुढे त्याच्या नावाची पट्टी जगभर चालली. रायफलीवर आडवी खाच असलेली पट्टी, कड्याखाली एक आडवी दांडी, ती त्या खाचेत बसते. साधी गोष्ट, पण अक्कल बघा. धक्का स्क्रूने सोसायचाच नाही. दांडी खाचेच्या भिंतीला टेकते आणि भिंत धक्का सोसते. स्क्रूचं काम फक्त दाबून धरायचं. पुढे १९९५मध्ये अमेरिकी लष्कराने याच कल्पनेला ठरावीक मापं दिली, तीच आजची पिकाटिनी पट्टी.

रायगडची पोरं आणि एक हलकी रायफल

आता दुसऱ्या महायुद्धात जाऊ. रायगडला हे युद्ध परकं नाही. कोलाडच्या शेजारच्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, १० जुलै १९४४ला इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच रेजिमेंटची चौथी बटालियन त्याच वर्षी मार्चमध्ये मणिपूरच्या डोंगरात, सांगशाकला जपान्यांशी लढत होती.

त्या काळात ब्रिटिश-हिंदी सैन्यात दोन रायफली आल्या, आणि आपल्या प्रश्नाची दोन उत्तरं त्यांच्यात आहेत.

पहिली, नंबर ४ (टी). लांबवरचा नेम धरणाऱ्या निवडक सैनिकांची. निवडून काढलेल्या रायफली हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या शिकारी बंदूकवाल्यांकडे पाठवायचे. वीस हजारांहून जास्त रायफलींना त्यांनी दुर्बीण बसवली. रायफलीच्या डाव्या अंगाला पोलादी बैठका, नुसत्या स्क्रूवर नाहीत, डाख देऊन पक्क्या केलेल्या. वर एक जाडजूड कंस, तो हाताने फिरवायच्या दोन मोठ्या स्क्रूंनी बसायचा. दुर्बीण एकटीच जवळजवळ १ किलोची! सगळं मिळून ५ किलोच्या पुढे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या रायफलीशी जी दुर्बीण जुळवली तिचा नंबर त्या रायफलीच्या दस्त्यावर ठोकलेला असे. याची त्याला लावायची नाही. रायफल, कंस आणि दुर्बीण मिळून एकच वस्तू, हा विचार त्यांनी लोखंडावर कोरून ठेवला.

दुसरी, नंबर ५, जिला लोक जंगल कार्बाइन म्हणतात. ब्रह्मदेशच्या रानात लांब रायफल अडकते, म्हणून नळी आखूड केली, जिथून जमेल तिथून धातू कोरून काढला, आणि ४ किलोंची रायफल ३.२ किलोवर आणली. काडतूस मात्र तेच .३०३. व्हायचं तेच झालं. धक्का वाढला. दस्त्याला रबर लावलं, तर ते इतकं अरुंद की खांद्याला जास्तच टोचायचं. आणि मग तक्रारी सुरू झाल्या, नेम टिकत नाही. आज सेट करा, उद्या सरकलेला. लष्कराने शेवटी दोष रायफलीच्या रचनेतच आहे असं ठरवून १९४७मध्ये उत्पादन थांबवलं. तो दोष खरोखर किती होता, की जुनी रायफल निकालात काढायला निमित्त हवं होतं, यावर जाणकार अजून वाद घालतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या रायफलीवर दुर्बीण नव्हतीच! तरी शंका गेली ती पायाकडेच. धातू कमी केला की ज्यावर नेम उभा असतो तो पायाच लवचिक होतो, ही ती शंका.

आणि वजनाचं महत्त्व आजही बघायचं असेल तर कोल्हापूरकडे बघा. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या प्रकारात काडतूस .२२चं, धक्का जवळजवळ नाहीच, आणि रायफल चांगली जड, नियमाने ८ किलोपर्यंत चालते. दुर्बीण तर लावायलाच बंदी. म्हणजे इतका बारीक नेम वजनदार रायफलीने, साध्या छिद्रातून बघून धरला जातो.

तर मग आतेभावाने काय घ्यावं?

मित्रा, तुझ्या व्हॉइस नोटचं उत्तर आता सरळ देतो.

सांधे जितके कमी तितके बरे. काही रायफलींना माउंटची बैठक रायफलीच्या अंगातच कोरलेली असते. १९६८ची रुगर ७७ त्यातली, फिनलंडच्या सॅको रायफलीही तशाच. सॅकोची बैठक तर निमुळती, पाचर बसावी तशी धक्क्याने उलट घट्ट होते. अशी रायफल असेल तर त्याच कंपनीची कडी लावावीत, मध्ये दुसरी पट्टी घुसडू नये.

वेगळी पट्टी लावावीच लागली तर पोलादी घ्यावी आणि ती रायफलीच्या पाठीवर नीट टेकते का ते बघावं. जमत असेल तर चांगल्या कारागिराकडून भोकं मोठी करून सव्वाचार मिलिमीटरचे स्क्रू घालावेत. लोक इथेच फसतात. रायफल हलकी घेतली म्हणून माउंटही हलक्यातला हलका घेतात आणि वर पाऊण किलोची मोठी दुर्बीण चढवतात. उलटं करा. माउंट दणकट घ्या आणि वजन दुर्बिणीत वाचवा. साडेतीनशे ग्रॅमची छोटी दुर्बीण घेतली तर सांध्यावरची ओढ सरळ निम्म्याहून कमी होते. माउंटमध्ये वाचवलेले पन्नास ग्रॅम डोंगर चढताना कळतही नाहीत.

कडी शक्य तितकी बुटकी घ्या. दुर्बीण जितकी उंच, तितका धक्का तिला मुळापासून हलवतो. उंच टपावर सामान बांधलेली जीप वळणावर कशी डोलते, तसं.

बसवताना कडं पुढे, नळीच्या बाजूला ढकलून मग आवळा. कारण रायफल मागे येते तेव्हा दुर्बीण पुढे सरकू पाहते. दांडी आधीच खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकलेली असली की सरकायला जागाच उरत नाही. अर्धा माउंट इथेच जिंकतो. स्क्रूवरचं तेल पुसून काढा. अंदाजाने नाही, टॉर्क पान्याने आवळा. कंपनीचा आकडा बहुधा २ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ताकद लावून पिळलं तर स्क्रू तुटतो नाहीतर दुर्बीण चेपते. आणि शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, सांधा हलला. बायकोची नेलपॉलिश घेणार असाल तर विचारून घ्या.

दुर्बीण आणि डोळा यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर राहिलंच पाहिजे. नाहीतर हलकी रायफल कपाळावर अशी चंद्रकोर काढते की जन्मभर पुसत नाही.

आणि सगळ्यात शेवटी, प्रवास झाला, रायफल कुठे आदळली की आधी कागदावर दोन-तीन गोळ्या मारून बघा. जनावरावर पहिली परीक्षा घ्यायची नाही. हा नियम कुठल्या कंपनीचा नाही, माणुसकीचा आहे.

आणि इथे, कोलाडला?

इथे मात्र हा प्रश्न कायद्याने निकालात निघालाय, आणि बरं झालं. १९४८मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं, १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९८६मध्ये नवाबांचं ते शिकारीचं रान फणसाड अभयारण्य झालं. आज तिथे शेकरू बघायला जातात. परवान्याची असो नाहीतर घरातली एअरगन असो, तिने रानातलं पाखरू मारणंही गुन्हाच आहे, हे लक्षात ठेवा.

एअरगनवरून आठवलं. लहानपणी मुंबईत एका मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याला पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी म्हणून तो मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला, आणि तिथून त्याचं आयुष्यच वळलं. ते सालिम अली. पुढे १९३०मध्ये याच आपल्या रायगडात, अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. मुलाच्या हातात बंदूक होती, मोठ्या माणसाच्या हातात दुर्बीण.

ती दुर्बीण कशावरही बसवलेली नव्हती. तिला धक्का नव्हता, माउंट नव्हता, आणि तिचा नेम चुकला तरी अंधारात रक्ताचा माग काढत फिरावं लागत नव्हतं.

पण ज्याला कायद्याने आणि मनाने बंदूक उचलायची आहे, त्याने तो मधला सांधा नीट बघावा. आतेभावाला हा भाग पाठव आणि सांग, ते हरिण विसरू नकोस. जो विसरत नाही तोच स्क्रू तपासतो.

चला, चहा गार झाला. पुढच्या भागात भेटू. तोवर बाइकचा मोबाइल होल्डर एकदा घट्ट करून घ्या!